पुढे घट, मागे मी

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

ग्लासगो, ता. ११ ऑक्टोबर १९५३

ती. चनमल्लअण्णास सिद्धप्पाचे शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. मावशी, काका आणि वहिनींची खुशाली कळव.

गेल्या रविवारी कॉलेजातले आम्ही सहा दोस्त आगबोटीने एका बेटावर गेलो आणि दिवसभर पायी हिंडलो. शेत नाही, जत्रा नाही, चालण्यासाठी चालायचं. इथे असला शौक आहे. गुडघाभर तांबूस झुडपं, काळी ओली माती, मेंढरं आणि चहूकडे समुद्र. मी पाव-लोणी खाल्लं. त्यांच्या मांसाच्या डब्यापासून चार हात लांब बसलो. डोनाल्ड म्हणून माझा जिवलग झालाय, त्याने मला त्याचे जुने बूट दिले. कड्याच्या वाटेला मी पुढे आणि तो माझ्या मागे होता. अचानक धुकं उतरलं, तेव्हा मी आपली येळवशीच्या शेतफेरीची आरोळी ठोकली, ओलगे, ओलगे! सगळे पोट धरून हसले. फार मजा आली.

लोभ इतक्या लांबूनही पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा सिद्धू

•

खटकचिंचोळी, ता. २ नोव्हेंबर १९५३

रा. रा. सिद्धप्पासाहेब, मुक्काम ग्लासगो, यांस स. न. वि. वि.

आपले पत्र पावले. आपल्याला डोनाल्डसाहेब लाभले, वाचून आनंद झाला.

झाला नाही. खोटं कशाला लिहू? तुझी वहिनी अक्कम्मा म्हणायली, की मावसभाऊ तिकडं सुखात हाय तर तुम्ही एवढं कामून जळायलाव. जळतोय तर जळतोय.

बूट घाल, बेटं हिंड. पण आरोळी? येळवशीच्या अमावस्येला आंबिलीचा घट डोक्यावर घेऊन तू पुढे आणि मी मागे, अशी आपण लहानपणापासून शेताला फेरी घालतो. आरोळी तू द्यायची, उत्तर मी. रझाकारांच्या वर्षी ती कुजबुजत दिली, पण दिली. आणि तू ती परक्या डोंगरावर हसण्यावारी घालवलीस, तीही माझ्या जागेवर त्या डोनाल्डला घेऊन! तुला तिथे पाच मिळाले. मला इथे एकच होता.

तेव्हा यंदा घट अक्कम्माच्या भावाच्या, बसवंतप्पाच्या डोक्यावर जाईल. त्याला करजगीहून मुद्दाम बोलावलं आहे. त्याचा आवाज तुझ्यापेक्षा मोठा आहे.

लोभ असावा, असं लिहायचा रिवाज आहे म्हणून लिहितो.

चनमल्लप्पा

•

ग्लासगो, ता. २६ डिसेंबर १९५३

ती. अण्णास शि. सा. न. वि. वि.

रागाने इतके दिवस उत्तर दिलं नाही. बसवंतप्पाचं नाव वाचून माझंही डोकं फिरलं. तो बांधापर्यंत जाईस्तोवर निम्मी आंबील सांडील.

मजा आली असं लिहिलं, कारण भीती घरी कोण कळवतो? धुक्यात मला माझा हातसुद्धा दिसत नव्हता. डाव्या अंगाला कडा होता. हाक डोनाल्डला मारायची होती, तोंडातून निघाली ती आरोळी. आणि मग मी थांबलो, अण्णा, मागून उत्तर येईल म्हणून. आलं ते हसू. डोनाल्डने येऊन माझा हात धरला, माणूस भला आहे, पण उत्तर त्याला कुठून ठाऊक असणार? तुझ्या जागेवर कुणीच नव्हतं.

हे पत्र येळवशीआधी पोचलं तर घट बसवंतप्पाला देऊ नकोस. मावशींना धुक्याचं सांगू नकोस.

रागातसुद्धा लोभ ठेव.

सिद्धू

•

॥ श्री बसवेश्वर प्रसन्न ॥

खटकचिंचोळी, ता. ८ जानेवारी १९५४

चि. सिद्धूस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आज पावलं. येळवस होऊन गेली. घट बसवंतप्पानेच घेतला आणि आंबीलही फारशी सांडली नाही, हे सांगणं भाग आहे.

शेतातल्या कडब्याच्या खोपीतली पूजा आटोपून फेरीला निघालो. त्याने खणखणीत आरोळी दिली. माझ्या तोंडून उत्तर निघेना. त्याने वळून पाहिलं, पुन्हा दिली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. शेवटी अप्पांनी, तुझ्या काकांनी, खोपीतूनच उत्तर दिलं, तेव्हा फेरी पुढे सरकली. जेवताना बसवंतप्पाने विचारलं, की दाजी, घसा बसलाय व्हय. मी व्हय म्हणालो. अक्कम्माने सगळ्या भाज्यांची ती भज्जी मला न मागता वाढली.

घट धुऊन पालथा ठेवला आहे. शिकून ये. डोनाल्डलाही आणायचं तर आण, पण तो माझ्या मागे चालेल.

तुझ्या धुक्यातल्या आरोळीचं उत्तर माझ्याकडे राहिलं होतं. मध्ये समुद्र आहे, म्हणून उशीर झाला. घे:

सालम पोलगे!

तुझा अण्णा