आवतन दिलेला पन्नीचा बैल

तीर्थरूप नत्थुमामा,

तुमच्या पायावर कुंदनचं डोकं. (सध्या फार तापलेलं आहे, जपून हात ठेवा.) तुमचा गुडघा, मामींची शुगर आणि तुमची पिकअप गाडी, तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. गाडीची जरा जास्तच करतो. माझा मोबाईल बाबांनी गव्हाच्या कोठीत टाकून कुलूप लावलं, म्हणून हे पत्र. पुंजाराम पहाटे भाजी घेऊन अकोल्याला निघेल, त्याच्या पालकाच्या पोत्यातून ते येईल. ओलं लागलं तर रडला असेल पोरगा असं समजू नका, पालकाचं पाणी आहे.

मामा, परवा अकोल्यात प्लास्टिकवरचं कलाप्रदर्शन आहे आणि त्यात माझा बैल आहे. भरवणारी गीतांजली. (तुमच्याच गल्लीतली, चित्रकला शिकणारी. मामी जिला 'लांब कानातलेवाली' म्हणतात तीच.) मी कॉलेज अर्ध्यात सोडलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "कुंदन, तू एक तरी गोष्ट शेवटापर्यंत नेशील का?" तेव्हापासून मला घास गोड लागत नाही. बैल परवा तिथं उभा नसला तर माझं तिच्या दारात उभं राहणंही संपलं.

बैल मी शेतात पिकाखाली अंथरलेल्या फाटक्या मल्चिंग प्लास्टिकचा केला. बरगड्या ठिबकच्या नळ्यांच्या, गळा बोअरच्या पाइपाचा, आणि पोट पारदर्शक. आपला लखन बैल गेल्या साली मेला, तेव्हा डॉक्टरनं त्याच्या पोटातून काढलेल्या प्लास्टिकच्या पन्न्या मी धुऊन ठेवल्या होत्या. त्याच या पोटात भरल्या. गळ्यात घंटीही लखनचीच बांधली. इथपर्यंत सगळं कला होतं.

घोटाळा काल खांदशेकणीला, बैलांचे खांदे चोळून त्यांना पोळ्याच्या जेवणाचं आवतन देतात तेव्हा, झाला. खांद्याला पिवळी झाक हवी म्हणून मी लोणी-हळद चोळली, आणि चोळता चोळता तोंडातून सवयीनं निघून गेलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दारात आई उभी होती. आता आपल्याकडे आवतन दिलेला बैल उपाशी राहतो का? आज पोळ्याला आईनं आरती केली, त्याच्या तोंडात पुरणपोळी दिली, आणि ती पाइपातून घसरत सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पोटात जाऊन पडली. "खाल्ली व माय!" शेजारच्या दुर्गाबाई ओरडल्या. त्यानंतर गोठ्यापुढे जी रांग लागली ती दिवे लागेपर्यंत हटली नाही.

मग बाबांनी ठरवलं, पूजलेला बैल तमाशात जात नाही. उद्या पोरांच्या तान्ह्या पोळ्यात मिरवून संध्याकाळी पेढी नदीत शिरवायचा, गणपतीसारखा. मामा, नदीत! मी ओरडलो, "बाबा, पन्नी नदीत टाकू नका हेच सांगाले बनवला न मी तो!" बाबा शांतपणे म्हणाले, "मंग बैल कावून बनवला? बकेट बनवाची होती." मी पाण्याच्या ड्रमला लाथ मारली. ड्रम भरलेला होता. अंगठा सुजला आहे. मोबाईल कोठीत गेला तो त्याच वेळी. गोठ्याला आता बाबांची खाट आडवी लावली आहे आणि मी समोरच्या ओट्यावर, दात आवळून, हे लिहून राहिलो.

बाकी सर्व क्षेम.

आपला भाचा,
कुंदन

ता. क. १ : खरं काम हे. उद्या दुपारी सगळे जेवायला बसले की पिकअप गोठ्याच्या मागच्या बाजूला लावा. हॉर्न वाजवू नका. मी मागचा तुराट्यांचा कूड तोडून ठेवतो.

ता. क. २ : कूड तोडायला गेलो तर आत आई. बैलाची मान खाजवत बसली होती, लखनला आवडायची तिथंच. मला वाटलं आता बोंब मारते. ती म्हणाली, "नेतं त ने बापा. पन पोट खाली करून ने. याही खेपेले पन्न्या पोटात घेऊनच जाऊ देऊ काय त्याले?" मामा, सगळी कला त्या पोटातच होती. मी भांडायला तोंड उघडलं आणि खाली बसून पन्न्या काढू लागलो.

ता. क. ३ : गाडी समोरूनच आणा, हॉर्न वाजवत. शिरवायला देवघरातला मातीचा बैल द्यायचं आईनं ठरवलं आणि बाबांची खाट स्वतः उचलून ठेवली. पुढे तिच्यासाठी जागा ठेवा, तीही येते. रिकामं पोट पाहून गीतांजली 'पुन्हा अर्धवट सोडलंस' म्हणाली तर उत्तर आई देईल. (मामींना त्या वेळी कॉलेजचा विषय काढू देऊ नका.) पोटात आता फक्त पुरणपोळी आहे. तिला हात लावू नको म्हणते आई, अकोला लांब आहे, वाटेत त्याला भूक लागेल.