दोन जातीचं लोखंड

बाबा,

तुमी चुकले होते. तुमाले जाऊन नऊ वर्षं झाली, तोंडावर सांगायचं राहूनच गेलं, म्हणून कागदावर सांगतो. दोन जातीचं लोखंड एक होतं. काल झालं, मानोऱ्याच्या आपल्याच छपरात, तुमच्याच ऐरणीवर.

तो दिवस मी विसरलो नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे चार न् आरागिरणीतल्या करवतीच्या पट्टीचे तीन तुकडे तुमीच मले आणून दिले होते. म्हणाले, "दोन्हीकून घास, पांढरं होईस्तोवर. काळं राह्यलं तं धरणार नाही." थर रचले, तापवले, तुमी घण मारला. मंग विळ्यांसाठी थांबलेल्या लोकांसमोर छिन्नीनं गठ्ठा फोडला, तं बरोब्बर मधातून शिळ्या पोळीसारखा सुटला. आत काळंकुट्ट. एक म्हातारा म्हणाला, "लोखंडाचे पराठे लाटून राह्यलं काय तुमचं पोट्टं!" सगळे हसले. तुमीबी हसले. "हे जुळतच नाही. त्याची जात येगळी, याची येगळी. गुमान विळे कर." त्याच आठवड्यात मी जऊळक्याच्या ठेसनावरून गाडीत बसलो. गाडी तीन तास उशिरा होती, तिथल्या भजेवाल्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे, पण ते राहू द्या.

खूप भटकलो. कुठंच वर्षभर टिकलो नाही, हे तुमी म्हणालेच असते. पण शिकलो. आता प्रत्येक तुकडा आरशावानी घासतो, घासल्यावर त्याले बोटबी लावत नाही. तापल्यावर काळं धरू नये म्हणून वर सुहाग्याची पांढरी पूड टाकतो न् थांबतो. मी, थांबतो! लोखंडावर वितळल्या तुपासारखी चमक आली की पहिला घाव हलका, फक्त चिकटवण्यापुरता. दुमडायच्या आधी पुन्हा घासणं. काल त्याच गठ्ठ्याचं पातं केलं, थर दिसावे म्हणून अॅसिडच्या पाण्यात बुडवून काढलं, तं काळी रेघ, पांढरी रेघ, काळी रेघ. नुकत्या नांगरलेल्या वावरासारखी, एकही तुटलेली नाही. उरलेला तुकडा मी मुद्दाम छिन्नीनं फोडला. कुठंच सुटला नाही.

आईनं पातं उन्हात धरून पाह्यलं. म्हणाली, "मंग तुह्या बापाच्या हातानं काहून नाही जुळलं रे? मरेस्तोवर सांगत होते, हे होत नाही म्हणून."

मी म्हटलं, तेव्हाचा कोळसा ओला होता.

कोळसा कोरडा होता, बाबा. त्या दिवशी मी सातातले पाचच तुकडे घासले. तेवढ्यात रस्त्यानं उंट न् मेंढ्या घेऊन धनगर चालले होते, त्यांच्या मागं नाक्यापर्यंत गेलो. एका उंटाच्या पाठीवर बांधलेल्या खाटेवर कोंबड्या बसल्या होत्या. परत आलो तं तुमी भट्टी पेटवून बसले होते. उरलेले दोन मी तसेच मधात सरकवले, न् तुमी लोखंडाले दोष देत असताना गप उभा राह्यलो.

हा कागद सुहाग्याच्या डब्यात ठेवून राह्यलो. आई तो डबा उघडत नाही.