अँडर्सच्या खुर्चीतली मी

३ सप्टेंबर १९३४
झाले! मी राज्याची लेखापरीक्षक! अँडर्सला जाऊन पाच आठवडे. नवरा पदावर असताना गेला की उरलेली मुदत बायकोला — म्हणून मला, जानेवारीपर्यंत. गव्हर्नर म्हणाले, "मिसेस हॉगन, तुम्ही फक्त सही करायची. बाकी रूड बघेल." रूड म्हणजे अँडर्सचा दुय्यम.

खुर्ची इतकी उंच की पाय जमिनीला टेकत नाहीत. पायाखाली जुने वार्षिक अहवाल घेतले. त्यांचा पहिल्यांदाच कुणाला उपयोग झाला असेल.

११ सप्टेंबर
सह्या. मनगट दुखतंय. डोकं अगदी ताजंतवानं.

१९ सप्टेंबर
वाचनालयातून हिशेब तपासणीचं पुस्तक आणलं. शाळा पाचवीपर्यंत, तेव्हा मांडीवर शब्दकोश. तिसऱ्या पानावर सापडलं — जे पाहिलं नाही त्याखाली सही करू नये. रूडला वाचून दाखवलं.

"बाईसाहेब, लिहिणाऱ्याला इथली थंडी ठाऊक नसणार. एवढ्या लांब कोण जातंय पाहायला?"

२ ऑक्टोबर
मी गेले. राज्याच्या वेड्यांच्या इस्पितळात. अधीक्षक क्वाले यांनी पाहुण्यांच्या खोलीत बसवलं, कॉफी, केक. "साहेब वर कधी गेले नाहीत. इथेच सही करायचे. फार समजूतदार माणूस!"

वर चला म्हटलं — पण आधी केकचा तिसरा तुकडा संपवून. शाबास परीक्षक!

कांबळी मोजणं मला येतं. चर्चच्या दानाची वीस वर्षं मोजली. कागदावर नऊशे. हाताला लागली पाचशे अठ्ठ्याऐंशी. एका खाटेवर दोन म्हाताऱ्या, एकाच कांबळ्यात.

"हिचे पाय म्हणजे बर्फ हो," एक म्हणाली. "पण ही नसती तर गोठलेच असते."

"आणि ही घोरते, ते सांग की!" दुसरी.

३ ऑक्टोबर
इस्पितळाचा गेल्या वर्षीचा दाखला काढला. 'प्रत्यक्ष पाहून खात्री केली.' खाली अँडर्सची सही. मला पत्रं लिहायचा, तेच वळण.

५ ऑक्टोबर
रूड म्हणाला, "हे लिहिलंत तर साहेबांचंच नाव जाईल. गेलेल्या माणसाला कशाला ओढता?"

माझ्या मनातलंच बोलला, म्हणून जास्त राग आला. आळस होता अँडर्सचा, चोरी नव्हे. आळस मला ठाऊक आहे — बावीस वर्षं त्याचे मोजे मीच उचलले.

अहवाल लिहिला. दाखला कुणी दिला, ते लिहिलं नाही. एवढं पुस्तक वाचून हे शिकले!

९ ऑक्टोबर
क्वालेंचं पार्सल. दोन करडी, कोरी कांबळी. चिठ्ठी — 'नेहमीप्रमाणे. साहेबांची आठवण म्हणून.'

नेहमीप्रमाणे!

दर हिवाळ्याआधी अँडर्स दोन आणायचा. "सिग्रिड, तुझ्यासाठी घेतली." मी ती शेजारणींना मिरवून दाखवायची. "पाहा, माझा नवरा!" त्यातलंच एक अंगावर असताना तो गेला; ते अजून मीच पांघरते.

कांबळ्यांची पेटी उघडली. मोजली. जेवण गेलं नाही.

१० ऑक्टोबर
अहवाल पाठवला. शेवटचा परिच्छेद नव्याने लिहिला, तोच इथे उतरवते —

तीनशे बारा कांबळी कमी. खोटा दाखला देणारे अँडर्स हॉगन, माझे पती. कमी असलेल्यांपैकी आठ सापडली, लेखापरीक्षकाच्या घरी. सात सोबत पाठवली आहेत. आठव्याची किंमत माझ्या पगारातून कापावी.