चौघांचा कचरा

३ फेब्रुवारी, सोमवार

जळाला! आज तो व्हॅक्यूम क्लीनर एकदाचा जळाला. नणंदेने घरातून काढून टाकलेला, मीच मोठ्या कौतुकाने आम्हा चौघांच्या कामाच्या हॉलमध्ये आणून ठेवला होता. सकाळी चौकटवाल्याने बटण दाबलं. आधी घरघर, मग वास, मग धूर. चौकटवाला म्हणजे दारापाशी बसून चित्रांना चौकटी करतो तो. वायर ओढून शांतपणे म्हणाला, "मी म्हटलंच होतं, टिकणार नाही." हा माणूस जगातल्या सगळ्याच गोष्टींना टिकणार नाही म्हणतो. कधीतरी खरा ठरणारच.

पण काळजी मशीनची नाही, ताईंच्या शिंकांची आहे. ताई खिडकीपाशी बसून केसांचे टोप बनवतात — नाटकवाल्यांसाठी, आजारपणात केस गेलेल्यांसाठी. दोन-तीन महिने झाले, हॉलमध्ये पाऊल टाकलं की शिंका सुरू. डॉक्टर म्हणाले, धूळ टाळा. आमच्या हॉलमध्ये धूळ टाळायची? एका बाजूला सुतार लाकूड कापतो, मधोमध मी कपडे शिवते, दारात काच कापली जाते! तिकडे ताईंचा मुलगा फोनवर रोज म्हणतो, "आई, आता पुरे. इकडे ये राहायला." घरी ताई एकट्याच. आज मला म्हणाल्या, "या महिन्यात बघते गं. नाही थांबलं तर अठ्ठावीसला तो गाडी घेऊन येतोय."

माझी सुई कापडातच राहिली. ताई गेल्या तर मी बोलू कोणाशी? माझा टाका तिरका गेला तर सांगणार कोण? (सांगत नाहीत, चष्म्यावरून नुसतं बघतात. पण कळतं.) मला त्या जायला नकोत. बस्स.

नवं मशीन घ्यायचं ठरलं. चौघांचा कचरा सोसेल असं, दणकट. निवड कोणी करायची? जी सगळ्यात जास्त बोलली तिने. म्हणजे अर्थातच मी.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सुताराला झापलं. "तुमच्या भुशापायी त्या बाईंवर हॉल सोडायची वेळ आलीय!" त्याने ऐकून घेतलं, "हो वहिनी" म्हणाला आणि पुन्हा रंधा मारायला लागला. असल्या माणसाशी भांडायचं तरी कसं?

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात गेले, ह्यांना घेऊन. चूक केली. हे निळा दिवा लागणाऱ्या एका मशीनपुढे जे उभे राहिले ते हलेचनात. "अगं, बघ, अंधारातही धूळ दिसते!" म्हटलं, आम्हाला उजेडात दिसते तीच आवरेना.

विक्रेता पोरगेलासा, गोड बोलणारा. "घरात किती माणसं?" म्हटलं, घर नाही, कामाची जागा आहे, चार जण, सगळे कचरा करण्यात पटाईत. त्याने हातातलं माहितीपत्रक मिटलं. मग इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "मॅडम, मग हे नका घेऊ. घरगुती मशीन कामाच्या जागी वापरलं की वॉरंटी गेली." नंतर बरंच सांगितलं पोराने. पत्र्याचं अंग बघा, वायर लांब बघा, पिशवी आणि फिल्टर बाजारात सुटे मिळतात का ते आधी विचारा. भलं होवो त्याचं. ह्यांना दिव्यापासून ओढून बाहेर काढलं.

परत येताना डोक्यात आलं — नुसतं ऐकून मशीन घ्यायचंच नाही. मशीनवाल्यांना हॉलमध्ये बोलवायचं. परीक्षा घ्यायची!

७ फेब्रुवारी, शुक्रवार

परीक्षेचा पेपर तयार. एक मोठी काचेची बरणी घेतली आणि प्रत्येकाकडून मूठभर कचरा मागितला. माझे दोरे, कातरण, मोडक्या टाचण्या. सुताराचा भुसा आणि लाकडाच्या साली. चौकटवाल्याचा काचेचा चुरा, सोनेरी वर्खाचे तुकडे. ताईंचे केस — काळे, पांढरे, तपकिरी. सगळं हलवून एकत्र केलं. दिसायला इतकं चविष्ट झालं की वर चिठ्ठी लावली, "खाऊ नये." सुतार हसला! आवाज न करता हसतो, खांदे तेवढे हलतात. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच पाहिलं.

१० फेब्रुवारी, सोमवार

पहिला उमेदवार. बिनवायरचा, नाजूक, टाय लावलेल्या माणसासकट. मी सतरंजीवर बरणीतला कचरा पसरला. टायवाल्याचा चेहरा पडला, पण लढला बिचारा. भुसा ओढला. दोरे ओढले. मग ताईंचे केस ब्रशला असे गुंडाळले गेले की मशीनने एक उचकी दिली आणि मान टाकली. मी कात्रीने केस कापून ब्रश सोडवला. टायवाला म्हणाला, "इतका कचरा कुणाकडेच नसतो हो!" आम्हा चौघांच्या माना ताठ झाल्या. ताई हसून हसून शिंकल्या, शिंकून शिंकून हसल्या.

चौकटवाला — "टिकणार नाही." ह्यावेळी कुणी वाद घातला नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

दुसरा उमेदवार. हा पैलवान! दोघांनी उचलून आणला. कचरा तर सोडाच, माझ्या गिऱ्हाइकाची कापून ठेवलेली बाही गिळली त्याने! "बाही गेली, बाही गेली!" म्हणून मी ओरडतेय आणि आवाज इतका की कुणाला ऐकूच येईना. चौकटवाला दोन्ही हातांनी काचा धरून उभा. शेवटी सुताराने बटण बंद केलं आणि नळीत हात घालून बाही काढली. धुवून, इस्त्री करून वापरली. गिऱ्हाइकाला सांगणार नाही!

ताईंना तो आवाज अजिबात सोसला नाही. टोपांची झाकणाची मोठी टोपली उचलून मागच्या खोलीतच निघून गेल्या. टोपांना कसला आलाय आवाज? पण शिंकांनी माणूस हैराण होतं, काय बोलणार!

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हॉलच्या फ्रीजमधलं दूध परत संपलं. सकाळी सुताराने आणलेलं, दुपारी थेंब नाही. स्वतः आणतो आणि स्वतःच ढोसतो. मलाही कोरा चहा!

१७ फेब्रुवारी, सोमवार

सापडलं! सापडलं!!

हॉलच्या मागच्या गल्लीत एक बाई जुनी मशीनं दुरुस्त करतात, नवीही विकतात. स्वतः हातगाडी ढकलत आल्या. गाडीवर स्टीलचं बुटकं पिंप, चार चाकं, अंगावर पोचे. म्हटलं, हे तर जुनं! म्हणाल्या, "नवंच आहे. पोचे मी पाडलेत, लोकांना दाखवायला." आणि आमच्यादेखत ते पायरीवरून खाली ढकलून दिलं! गडगडत गेलं, भिंतीला आपटलं. उचलून आणलं, बटण दाबलं, सुरू! मग त्यांनी सुताराला त्याच्यावर बसायला सांगितलं. सुतार म्हणजे काही कमी वजन नव्हे. बसला. पिंप जागचं हललंसुद्धा नाही. बसल्या बसल्या राजासारखा ऐटीत ताईंकडे बघून हात काय हलवला त्याने! शहाणा!

पिंपाच्या आधी एक पारदर्शक टाकी जोडलीय. जाड कचरा तिथेच गरगर फिरून खाली पडतो, फक्त बारीक धूळ पुढे पिशवीत जाते. त्यामुळे पिशवी लवकर भरत नाही, मोटर तापत नाही. आवाजही बेताचा. अख्खी बरणी रिकामी केली त्याच्यापुढे. दोरे, केस, काच, सगळं गेलं, आणि आम्ही चौघं टाकीभोवती उकिडवे बसून टीव्ही बघावा तसं बघत राहिलो. वर्ख फिरताना काय सुंदर दिसतो!

चौकटवाल्याने टाकी बोटाने ठोकून पाहिली. मग म्हणाला, "टिकेल बहुतेक."

घेतलंच लगेच.

२० फेब्रुवारी, गुरुवार

हॉल आरशासारखा. फरशीचा मूळ रंग हिरवा आहे हे आज कळलं! पाळ्या लावल्यात, रोज एकाने झाडून काढायचं, बुधवारी टाकी मी रिकामी करायची.

ताई अजून शिंकतायत.

२४ फेब्रुवारी, सोमवार

काही उपयोग नाही. आता धुळीचा कण दाखवा म्हटलं तर दिसणार नाही, आणि ताई सकाळपासून सटासट शिंकतायत. मी त्यांना मऊ सुती मास्क शिवून दिला, आत दुहेरी अस्तर. मास्कमध्ये शिंकल्या.

मग सगळा राग सुतारावर. "उद्यापासून मागच्या अंगणात बसून लाकूड कापा!" लगेच उचललं सामान. आज अंगणात दिवसभर उन्हात बसला होता. ताईंनी दोनदा पाणी नेऊन दिलं त्याला आणि माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. टाका तर सरळ होता माझा!

दुपारी मुलाचा फोन, थेट मला. "काकू, तुम्हीच समजवा आईला. शुक्रवारी येतोय मी." हो म्हटलं, फोन ठेवला आणि कुणाच्या तरी कोटाच्या अस्तरात तोंड घालून रडले. मेलं ते मशीन! इतकं दणकट आणलं, पण ज्यांच्यासाठी आणलं त्याच चालल्या.

२६ फेब्रुवारी, बुधवार

आज काय झालं ते लिहिताना अजून हसू येतंय, आणि लाजही.

टाकी रिकामी करायला घेतली. खाली भुसा, वर दोरे आणि मधे जाडसर थर — नारिंगी! मऊ, बारीक, नारिंगी केस. मी कुणासाठी नारिंगी काही शिवलेलं नाही. म्हटलं, "ताई, नारिंगी टोपाची ऑर्डर आहे का हो?"

ताई सुईत दोरा ओवायला लागल्या. सुईत आधीच दोरा होता.

तेवढ्यात टोपली म्हणाली, "म्याँव."

मी झाकण उघडलं. आत पांढऱ्या केसांच्या एका टोपावर ऐसपैस पसरलेली नारिंगी मांजर! डोळे किलकिले करून माझ्याकडे असं बघितलं तिने, जसं काही हॉल तिचा आणि मी भाडेकरू.

"थंडीत अंगणात कुडकुडत होती गं," ताई म्हणाल्या. "मांडीवर येऊन बसली. घरी कोण येतं मांडीवर बसायला?" आणि शिंकल्या.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? शिंका हिच्यामुळे?"

"पहिल्या दिवसापासून. पण सांगू कसं? 'हॉलमध्ये जनावर आणू नये', तुझ्याच अक्षरात लावलंयस भिंतीवर."

"अहो, आणि मी महिनाभर त्या सुताराला शिव्या घातल्या त्या?"

ताई खाली बघून म्हणाल्या, "त्याला ठाऊक आहे सगळं. दूध तोच आणतो. मी म्हटलं त्याला, सांगून टाकते. तर म्हणाला, असू द्या, वहिनींचं बोलणं मला लागत नाही."

लागत नाही! मी अंगणात गेले. तो उन्हात लाकूड तासत होता. म्हटलं, "आत या, मेल्यासारखं बसू नका इथे." खांदे हलले त्याचे. मांजरीचं काय करायचं विचारलं तर म्हणाला, "मी नेतो घरी. एकटाच तर असतो."

संध्याकाळी टोपली घेऊन गेला.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

एक शिंक नाही!! सकाळी पुन्हा सगळा हॉल मशीनने काढला, टोपलीसकट. दिवसभर ताई गुणगुणत काम करत होत्या. भिंतीवरचा कागद फाडला मी. सुतारासाठी एप्रन शिवलाय, जाड कापडाचा, सहा खिशांचा. घालून बघितला, म्हणाला, "खिसे बरे आहेत." त्याच्यासाठी हे भाषणच झालं.

मी मुलाला फोन केला. म्हटलं, उद्या यायची गरज नाही रे, शिंका गेल्या! तर म्हणतो, "येतोच आहे काकू. आई म्हणाली, समोरासमोर बोलायचंय, नक्की ये."

म्हणजे जाणारच! धूळ नाही, शिंक नाही, तरी जाणार. विचारायची हिंमत झाली नाही. ताई टेबल आवरत होत्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

मुलगा आला. ताईंनी त्याला खुर्ची दिली, सुताराला हाक मारली आणि सांगितलं. पुढच्या महिन्यात दोघं लग्न करतायत. ताई मांजरीकडे राहायला जाणार, म्हणजे सुताराकडे. हॉल सोडणार नाहीत!

मुलगा आईला मिठी मारून म्हणाला, "अगं, पण तुझ्या शिंका?" म्हणाल्या, "मांजरीचं सांगितल्यावर डॉक्टरांनी गोळी दिलीय. घेईन की रोज."

चौकटवाल्याने दोघांकडे नीट निरखून पाहिलं. "टिकेल," म्हणाला. बहुतेकही लावलं नाही!

आणि मी! इतकी वर्षं त्या दोघांच्या बरोबर मधोमध बसते, आणि मला दिसला तो फक्त भुसा.