आईसाठी टीव्ही

४ जून

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पाकीट बघून हसशील. रोज फोन असतो, तरी घरातली मोठी गोष्ट पत्रानेच कळवायची हा पोस्टमन बापाने लावलेला नाद सुटत नाही. शिवाय फोनवर आई शेजारीच असते.

तर, टीव्हीने मान टाकली. आधी उभी रेघ आली, मग अर्धं चित्र गेलं, परवा सगळा अंधार. मेकॅनिक म्हणाला, पॅनेल गेलंय, त्या पैशात नवाच येईल. आई म्हणते राहू दे, मला कशाला हवाय. पण बाबा जाऊन चार महिने झाले. मी औषधांच्या दुकानातून साडेसातला येते, तर ही बंद टीव्हीसमोर हात मांडीवर ठेवून बसलेली. बघवत नाही रे. माझ्याकडे अठरा हजार आहेत. बत्तीस इंची आरामात बसतो, त्रेचाळीस ओढूनताणून. कुठला घेऊ? सगळ्या मशीनमधलं तुला कळतं असं तूच सांगत असतोस.

जेवणाची हेळसांड करू नकोस. लोभ आहे हे ठाऊक आहे, तो कागदावरही येऊ दे.

तुझी,
गुंडी


११ जून

चि. गुंडीस,
अनेक आशीर्वाद.

मी बर्फाच्या कारखान्यातले कॉम्प्रेसर दुरुस्त करतो, टीव्ही नव्हे. पण मत विचारल्यावर गप्प बसेन तर तुझा भाऊ कसला! त्रेचाळीसच घे. बत्तीस म्हणजे भिंतीवर पोस्टाचं तिकीट चिकटवल्यासारखं दिसेल. कमी पडतील ते मी पाठवतो. वॉरंटी नीट वाच, विक्रेत्याच्या गोड बोलण्याला भुलू नकोस, आणि आईला बरोबर ने. तिचं तिला निवडू दे.

बाबा असतानाची माझी शेवटची खेप आठवते? दारोदार पत्रं वाटताना दोन शब्दांच्या वर न बोलणारे आपले बाबा, पण टीव्ही लागला की आईच्या कानाशी अखंड बडबड. मी वैतागून म्हणालो होतो, बाबा, आम्हाला ऐकू द्या की जरा. ओशाळले बिचारे. आवाज बारीक केला, थांबले मात्र नाहीत.

इतक्यात येणं जमेलसं वाटत नाही, माझ्या जागी उभं राहणारं कुणी नाही. आईला सांभाळ, स्वतःलाही.

तुझा,
दादा


२० जून

ती. दादास,
सा. न.

टीव्ही घेतला नाही. का, ते सावकाश वाच.

दुकानात एका भिंतीवर वीस-पंचवीस टीव्ही लावलेले, सगळ्यांवर एकच चित्र: निळ्या पाण्यात पिवळे मासे. विक्रेत्याने आईला कौतुकाने विचारलं, चित्र कसं वाटतंय, आजी? आई हसून म्हणाली, फुलं फार सुरेख आहेत. त्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, उद्या येतो.

घरी आल्यावर तिला समोर बसवून विचारलं. आधी उडवून लावलं, मग सांगितलं. दोन वर्षं झाली. कडेकडेचं अंधूक दिसतं, म्हणून घरात फिरते, चहा करते. पण ज्याच्याकडे बघावं तेच पुसलं जातं. माझा चेहराही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही. मग मुलांच्या जिवाला घोर नको म्हणून दोघांनी ठरवून टाकलं, कळू द्यायचं नाही. दादा, मी दिवसभर लोकांना डोळ्यांत घालायचे थेंब देते, आणि माझ्याच घरात मला कळलं नाही.

बाबांची बडबड म्हणजे ते तिला चित्र सांगायचे.

अजून एक आहे. बाबा गेले त्या संध्याकाळी मी कामावरून आले तेव्हा टीव्ही चालू होता, दोघं शेजारी बसलेली होती. आई मला हळूच म्हणाली होती, झोप लागलीय त्यांना. काल ती म्हणाली, सून दार उघडतेय, एवढं सांगून ते मध्येच थांबले. ती पुढचं ऐकायची वाट बघत राहिली. कोपराने ढोसलंही. रागावली, गोष्ट अर्धी टाकून झोपले म्हणून. अर्धा तास. मला दिसत असतं तर हाक मारली असती गं, असं म्हणाली.

काय करू ते लिही.

गुंडी


२५ जून

चि. गुंडीस,

पत्र मशीनघरात उभ्याने वाचलं. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं होतं.

रविवारी येतोय, आठ दिवस राहीन. इथलं काय व्हायचं ते होवो. तोवर बाबांना तपासायला आलेल्या डॉक्टरांना गाठ. त्या अर्ध्या तासात काही करता आलं असतं का, ते त्यांच्या तोंडून आईला ऐकू दे. आणि बत्तीसच बघ, पण आवाज समोरून येणारा. हल्लीच्या पातळ टीव्हींचा आवाज मागे भिंतीवर आपटतो.

आईजवळ बस.

दादा


१६ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू गेल्यापासून घर पुन्हा मोठं झालंय. नवा टीव्ही ठीक चालतो. काही करता आलं नसतं, हे डॉक्टरांचं बोलणं आईने ऐकून घेतलं होतं, पण मनाला लागलेलं गेलेलं नाही. ते लगेच जाईल असं मलाही वाटत नाही.

काल तिच्या कानाशी बसून मी मालिका सांगत होते. त्यातले म्हातारे आजोबा गेले. मला धीर झाला नाही. म्हटलं, गावाला निघालेत. आईने माझा हात धरला आणि म्हणाली, तू खरं सांगत जा. बाबांच्या मालिकांमध्ये दोन वर्षांत एकही माणूस मेलं नाही म्हणे. रडणं तिला ऐकू यायचं, पण ते म्हणतील ते तिने चालवून घेतलं. तो त्यांचा हक्क होता, तुझा नाही, असं म्हणाली.

मग मी सांगितलं. आजोबा गेलेत, आई. मुलं दाराशी उभी आहेत. आजी त्यांच्याजवळ आहे.

तिने विचारलं, काय करतेय ती?

मी नीट बघून सांगितलं, काही नाही गं, नुसती बसलीय.

आई म्हणाली, हो, तसंच असतं.

पत्र लवकर टाक. मोठ्या अक्षरात नको, छोट्याच अक्षरात भरभरून लिही. आईला वाचून मीच दाखवणार आहे.

तुझी,
गुंडी