कोनाड्यातला कप

आई,

परवा सूनबाई फोनवर तिच्या आईशी बोलत होती आणि मी ओट्यापाशी मेथी निवडत बसले होते. मुलगी इथलीच, कॅनडातली. स्वभावाने मोकळी आहे, मोठ्याने हसते, घरात शिरताना बूट भिरकावते आणि मग आठवण झाली की नीट लावून ठेवते. आईला ती कौतुकाने सांगत होती, "या घरात माझं स्वतःचं पातेलं आहे. सासूबाईंनी खास माझ्यासाठी आणलं. दुसरं कुणी त्याला हातसुद्धा लावत नाही!" माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. ते पातेलं मी का आणलं हे तुला तरी फोड करून सांगायला नको. तिची कोंबडी माझ्या भांड्यांत शिजू नये, एवढंच त्यामागे होतं. जाड बुडाचं, चांगल्यातलं आणलं, खालच्या फळीवर कोपऱ्यात ठेवलं आणि गोड हसून म्हणाले, "हे तुझं हं." जन्मभर तुझ्या सोवळ्याला नावं ठेवली आणि शेवटी तुझ्याच वळणावर गेले. मला आपला सावेडीच्या घराच्या मागच्या पडवीतला कोनाडा आठवला, त्यातला निळ्या काठाचा कप आठवला, आणि तुझ्यापासून लपवलेली ती एक गोष्ट आठवली. तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आता सांगण्यात शहाणपण काय, असं म्हणशील. पण दोन दिवस झोप नीट नाही, म्हणून लिहायला बसले.

तेव्हा सावेडीला घरं कमी आणि वावरं जास्त होती. अण्णांनी कचेरीतून येताना सायकलची घंटी वाजवली की ती तुला स्वयंपाकघरात ऐकू यायची, इतकं सगळं उघडं होतं. बहात्तरचा दुष्काळ होता. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, इंग्रजी घेतलेली, आणि त्या इंग्रजीचा तोरा नाकावर घेऊन फिरणारी. आपल्या पुढच्या खोलीत नॉर्वेच्या त्या नर्सबाई राहायला आल्या त्या अण्णांच्या ओळखीने. तू आठ दिवस धुमसत होतीस. "गाईचं खाणारी बाई घरात आणून ठेवली," असं भांड्यांना सांगत होतीस, कारण अण्णांना सांगायची तुझी पद्धत तीच. बाई दोन-तीन दिवस जीपने खर्ड्याच्या बाजूला दुष्काळी कामांवर जायच्या, तिथल्या बायकांची पोरं तपासायच्या आणि उरलेले दिवस गावातल्या दवाखान्यात असायच्या. मराठी त्यांनी खडी फोडणाऱ्या बायकांकडून उचललेली. पहिल्या दिवशी तुझा चहा पिऊन त्या म्हणाल्या, "वैनी, च्या लई ग्वाड हाय!" तू आत पळालीस आणि पदर तोंडात कोंबून हसलीस. मग मला म्हणालीस, "अगं, पिवळ्या केसांची बाई आणि बोलते आपल्या भाजीवालीसारखी!" त्या हसण्याने तुझा अर्धा राग गेला. पण राग गेला तरी नियम जात नसतो. गुलाबी फुलांच्या सहा कपबशा घरच्या. बाईंसाठी तू माळ्यावरून एक सुटा कप काढलास, पांढरा, निळ्या काठाचा, बशी नसलेला. तू वरून चहा ओतायचीस, भांडं कपाला लागू न देता. बाई पडवीच्या पायरीवर बसून प्यायच्या, नळावर कप विसळायच्या आणि कोनाड्यात पालथा घालायच्या. तो कप स्वयंपाकघराचा उंबरा कधी ओलांडत नव्हता. मला लाज वाटायची. मी तुझ्याशी भांडायचे आणि बाईंशी बोलताना नजर चोरायचे.

एका रविवारी अण्णांनी त्यांना विचारलं, की तुम्ही चर्चमध्ये फारशा जात नाही, ते कसं? प्रश्न मी इंग्रजीत सांगितला. बाई विचार करून म्हणाल्या, "आमच्याकडे देव रविवारी अकरा वाजता भेटतो, वेळ ठरवून. तुमच्याकडे तो चुलीपाशीच बसलेला असतो. वैनी त्याला विचारल्याशिवाय फोडणीसुद्धा घालत नाहीत. मला हे आवडतं." मी हे तुला सांगितलं तेव्हा तू एवढंच म्हणालीस, "बघ, त्यांना कळतं. तुला कळत नाही." आज हसू येतं. इथं आमचं देऊळ एका जुन्या गोदामात आहे आणि आमचाही देव आता रविवारी अकरालाच भेटतो, तोही गाडी लावायला जागा मिळाली तर.

अण्णा उठून गेल्यावर बाई मला जे बोलल्या, ते मी तुला कधीच सांगितलं नाही. कोनाड्याकडे हात करून त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं मी चार देशांत राहिले. जिथं जाईन तिथं लोक माझ्यासाठी कपाटातली उंची भांडी काढतात, मला खुर्चीवर बसवतात, कपही विसळू देत नाहीत. मी गेले की भांडी परत कपाटात. सगळीकडे मी पाहुणी. तुमच्या आईने पहिल्याच दिवशी मला माझा कप दिला आणि त्याची जागा दाखवली. तो दुसरं कुणी वापरत नाही. मी बाहेरून आले की कुणाला न विचारता घेते, मीच धुते. बहिणीला मी लिहिलंय, की मला घर मिळालं." आई, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी हो हो करत राहिले. काय सांगणार होते? की तो कप म्हणजे घर नाही, घराबाहेरची जागा आहे? त्या पायरीवर बसलेल्या बाईचं सुख माझ्याच्याने मोडवलं नाही. तिथवर माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

चुकलं ते पुढे. उन्हाळा आला आणि नळाला चार-चार दिवस पाणी येईना. दवाखान्याच्या विहिरीला थोडं पाणी होतं. बाई जीपमध्ये दोन हंडे भरून आणायला लागल्या. पहिल्या दिवशी तू दारातून म्हणालीस, "तिथंच ठेवा." पण तुझ्या कमरेत उसण भरली होती, मी कॉलेजात. मी आले तेव्हा बाईंनी हंडा उचलून थेट आत आणला होता आणि तुझ्या पिण्याच्या पाण्याच्या घागरीत ओतत होत्या. तू भिंतीला धरून उभी होतीस. ते पाणी तू टाकलं नाहीस. टाकणार कसं, घरात दुसरा थेंब नव्हता. त्या संध्याकाळी मी तुला बोलले. अजून ते वाक्य माझ्या कानात आहे. "त्यांच्या हातचं पाणी चालतं, आणि त्यांचा कप तेवढा बाटलेला?" तू म्हणालीस, "अडचणीच्या काळात सगळं चालतं." मी म्हणाले, "म्हणजे धर्म तुझ्या सोयीचा." तू तव्यावरची भाकरी उलटायची विसरलीस. ती करपली, आणि ती तूच खाल्लीस.

चार-पाच दिवस गेले. मग शुक्रवारी बाई खर्ड्याहून आल्या, धुळीने माखलेल्या, ओठ फुटलेले. तू त्यांना आत बोलावलंस. स्वयंपाकघरात! पाट मांडलास आणि गुलाबी फुलांच्या कपबशीत चहा दिलास, स्वतःच्या हाताने, हातात. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला माझाच विजय झाल्यासारखं वाटत होतं. बाईंनी कपबशीकडे पाहिलं, मग मान वळवून पडवीतल्या कोनाड्याकडे पाहिलं. कोनाडा रिकामा; तो सुटा कप तू सकाळीच काढून टाकला होतास. त्यांचा चेहरा उतरला. "वैनी, माजा कप कुटं हाय?" त्या माझ्याकडे वळल्या आणि इंग्रजीत हळूच म्हणाल्या, "माझं काही चुकलं का? मी पुन्हा पाहुणी झाले का?"

तुला त्यातलं अक्षर कळलं नाही. तू विचारलंस, "काय म्हणतात गं?" दोन्ही भाषा नीट येणारी त्या घरात मी एकटीच होते, आई. बाईंना मी म्हणाले, कप फुटला. तुला म्हणाले, काही नाही, त्यांना त्यांचाच कप हवाय. इतकंच.

दुसऱ्या दिवशी बाई बाजारातून नवा कप घेऊन आल्या. पांढराच, निळा काठ जरा जाड. मोठ्या खुशीत त्यांनी तो स्वतः कोनाड्यात पालथा घातला आणि तुला म्हणाल्या, "आता बेस झालं!" तू हसलीस, आत आलीस आणि धान्याच्या डब्यापाशी खाली बसलीस. "तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं बघ," तू म्हणालीस. "तरी बिचारी एका शब्दाने बोलली नाही. आता मी आत घेतलं तर आपणहून बाहेर बसते. एवढं मी तिचं मन दुखवलं." तू रडलीस. तुला रडताना मी तोवर फार तर दोनदा पाहिलं असेल. एक वाक्य पुरलं असतं, की आई, त्यांना काहीच ठाऊक नाही, त्या कोनाड्याला त्या घर समजतात. मी बोलले नाही. मला वाटलं, बरं झालं, जरा लागू दे हिला.

मग तुमचा तो खेळ सुरू झाला. तू सकाळी तो कप आत आणून घरच्या कपांच्या रांगेत लावायचीस. बाई यायच्या, आत डोकवायच्या, कप उचलून परत कोनाड्यात नेऊन ठेवायच्या. "वैनी, हितं. हितंच!" तू म्हणायचीस, "नाही बाई, आत." त्यांना वाटायचं वैनी चेष्टा करतात. त्या हसून हसून लाल व्हायच्या. तुला वाटायचं त्या अजून माफ करत नाहीत. अण्णा वर्तमानपत्रामागून म्हणायचे, "त्या कपाला पाय फुटलेत." मीही हसायचे. शेवटी कप कोनाड्यातच राहिला आणि तू पडवीत बाईंच्या शेजारी, त्याच पायरीवर बसून चहा प्यायला लागलीस. शेजारणी बघायच्या. तू बघू दिलंस.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं आणि बाईंची बदली दुसऱ्या देशात झाली. कप त्या घेऊन गेल्या नाहीत. म्हणाल्या, घरचं भांडं घरात राहू दे. त्यांच्यामागे तू रोजचा चहा त्याच कपातून प्यायलीस. माझं लग्न झालं, मी इकडे आले, अण्णा गेले, तरी तोच कप. दर सुट्टीत यायचे आणि तो तुझ्या हातात बघायचे. त्याला बारीक चीर गेली होती. मी म्हणाले, टाकून दे. तू म्हणालीस, "राहू दे. माझी आठवण आहे ती." बाईंची आठवण, असं म्हणाली नाहीस; स्वतःच्या चुकीचीच धरून बसली होतीस. बाई गेल्याचं त्यांच्या बहिणीचं पत्र आलं, ते मी तुला वाचून दाखवलं. त्यात लिहिलं होतं, की ती शेवटपर्यंत तुमच्या घराबद्दल बोलायची. तू नुसती मान हलवलीस.

तुझ्या शेवटच्या दिवाळीत पडवीत बसलो होतो. तुला आता नीट दिसत नव्हतं, कप चाचपडून घेतलास. मधेच म्हणालीस, "बाई मनात काही ठेवून गेल्या नसतील ना गं?" इतक्या वर्षांनी तू सरळ मला विचारलंस. दार उघडं करून दिलंस. आणि मी तुझ्या पाठीवर हात ठेवून, अगदी मायेने म्हणाले, "नाही गं आई. केव्हाच विसरल्या असतील."

विसरल्या असतील. म्हणजे विसरण्यासारखं होतं, असंच तू समजलीस. "हो, विसरल्या असतील," तू म्हणालीस, आणि तीन महिन्यांनी गेलीस.

विसरण्यासारखं काही नव्हतंच, आई. तुझ्या हातून त्या बाईला घर मिळालं. तुझा हेतू तो नव्हता हे खरं, पण मिळालं ते खरंच होतं. आणि पुढे तुझा हेतूही तसा झाला, तेही मी डोळ्यांनी पाहिलं. हे तुला सांगितलं असतं तर तू तो चहा सुखाने प्यायली असतीस. मी का सांगितलं नाही? आधी म्हणायचे, वेळ मिळाला नाही. मग म्हणायचे, आता जुनं कशाला उकरायचं. खरं असं, की तू सगळ्या बाबतीत बरोबर असायचीस. स्वयंपाक, माणसं, अण्णांचा राग, माझं लग्न. एका ठिकाणी तरी मी बरोबर आणि तू चूक असावीस, असं मला हवं होतं. ती जागा मला सोडवेना.

काल सकाळी मी सूनबाईचं पातेलं खालच्या फळीवरून काढलं, घासलं आणि माझ्या पातेल्यांत, मधोमध ठेवलं. संध्याकाळी ती कामावरून आली, फळीकडे बघितलं आणि पातेलं उचलून परत खाली कोपऱ्यात ठेवून आली. म्हणाली, "याची जागा इथं आहे ना, आई?" तिने मला तुझ्याच नावाने हाक मारली. तिला बसवून सगळं सांगायचं, असं मी दिवसभर घोकलं होतं.

मी म्हणाले, हो.