कॉन्सेप्टा की जर्वेज?

मंगळवार, ९ सप्टेंबर

परत तेच! जेवणाच्या टेबलावर दोन माहितीपत्रकं, आणि मीठदाणी खिडकीत. दोन्ही डिटेक्टरांची, म्हणजे जमिनीत पुरलेली नाणी हुडकायच्या यंत्रांची. मॉरिसने दोन्हींत लाल पेन्सिलीने रेघा मारल्यात, आणि गंमत म्हणजे सारख्याच ओळींखाली. जमिनीवरून फिरवायची थाळी तेवढीच, वजन तेवढंच, किंमतही तीच. पावसात दोन्ही चालतात.

"मग फरक काय?" मी विचारलं.

"आवाज. सगळा फरक आवाजात असतो, मेना."

आत्ता हातात असलेल्या यंत्राला दीड वर्षही झालेलं नाही. त्याच्या आधीचं माळ्यावर पडलंय. तक्रार दोन्हींबद्दल एकच — 'हे नीट बोलत नाही.'

मला शाळा आठवली. मठात आम्हाला दोन सख्ख्या बहिणी शिकवायला होत्या — सिस्टर कॉन्सेप्टा आणि सिस्टर जर्वेज. त्या काळ्या वस्त्रात चेहऱ्यापुरती चौकट उघडी, आणि चौकटीत एकच नाक! तोंड उघडेपर्यंत कोण कुठली ते कळायचं नाही. कॉन्सेप्टाचा आवाज किणकिणणारा. जर्वेजचा खालचा, विहिरीतून आल्यासारखा. व्हरांड्यात समोरून एखादी येताना दिसली की आम्ही मुली भिंतीला चिकटून उभ्या राहायचो. 'फिलोमेना!' अशी हाक आली की मग ठरवायचं, हसायचं की पळायचं.

तर काळ्या मुठीचं यंत्र कॉन्सेप्टा आणि करड्या मुठीचं जर्वेज. मॉरिसला हे सांगितलं तर खो खो हसला. "कॉन्सेप्टा की जर्वेज? तूच सांग, मठकन्ये!"

किती दिवसांनी हसला.


शुक्रवार, १२ सप्टेंबर

गॅरडच्या शेतातला गहू निघाला. आता पुढच्या पेरणीपर्यंत नुसती धसकटं. हे तीन-चार आठवडे म्हणजे मॉरिसचं खरं वर्ष. बाकीचे महिने तो नुसता वाट बघतो.

ट्रेव्हर बोरेटने ईस्टरलाच कॉन्सेप्टा घेतली होती, ती त्याने थोडे दिवस वापरायला दिली. तीस वर्षं हे दोघं बरोबर शेतं तुडवताहेत. जर्वेज दुकानदाराने महिनाअखेरपर्यंत दिलंय — आवडलं तर ठेवा, नाहीतर परत आणा.

मागच्या अंगणात घेवड्यापलीकडे मॉरिसची परीक्षेची पट्टी आहे. वीस वर्षांपूर्वी त्याने स्वतः तिथे एक खिळा, बाटलीचं झाकण, तांब्याची जुनी पेनी आणि चांदीचं सहा पेन्सांचं नाणं पुरलं. नवं यंत्र आलं की आधी इथे परीक्षा. लोखंडाला डुकरासारखं घुरघुरायचं, तांब्याला घसा खाकरायचा, आणि चांदी — "चांदी गाते," हे त्याने मला लग्नाआधी शिकवलं होतं. मी मठाच्या शाळेत गाणं शिकवायचे, तो पियानो सुरात लावायला यायचा. नाणी दाखवायच्या निमित्ताने मला शेतात घेऊन गेला!

आज त्याने कानाला हेडफोन लावून कॉन्सेप्टा फिरवली. चांदीवरून सरळ पुढे गेला. खिळ्यापाशी थांबला. "बघ! चांदी!" खणलं. गंजका खिळा तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बघत राहिला.

"खोटं बोलते ही बया," म्हणाला.

वायर गुंतलीये असं सांगून मी ती उपसून काढली, म्हणजे आवाज बाहेर येईल. तो परत चांदीवरून गेला. इतका स्वच्छ, उंच सूर! मी गच्चीवर असते तरी ऐकू आला असता. मॉरिस पुढेच चालत राहिला.

मग जर्वेज. तेच!

म्हणजे यंत्रं नाहीत. कान आहेत. उंच आवाज त्याला येत नसणार. खालचे तेवढे येतात, म्हणून खिळ्यालाच चांदी समजतो. त्याचे वडीलही सत्तरीला ठार बहिरे होते.


रविवार, १४ सप्टेंबर

चर्चमध्ये ठरवलं, आज सांगायचं. नाही सांगितलं. भाजलेलं कोकरू, बटाटे, सफरचंदाचं क्रंबल — सगळं खाऊन झालं तरी नाही.

ज्या माणसाने अडतीस वर्षं कानावर घर चालवलं त्याला कसं सांगायचं? आमच्या भागात एक पियानो असा नाही की ज्यात त्याने डोकं घातलं नाही. एक तार केसभर उतरली तरी जेवण सोडून उठायचा. लग्नात बायकांनी माझा पोशाख बघितला, आणि हा म्हणाला काय, तर "ऑर्गनचा तिसरा नळा रडतोय."


मंगळवार, १६ सप्टेंबर

काय केलं मी आज! लिहायलाही लाज वाटते.

सकाळी गॅरडच्या मोठ्या शेतात गेलो. मॉरिसकडे जर्वेज. मी म्हटलं, "हेडफोन ठेव गाडीत. मलाही ऐकू दे ना जरा." त्याला बरं वाटलं. मी त्याच्या शेजारून चालत होते. उंच सूर वाजला की म्हणायचं, "थांब हं, बूट बांधते." मग मी खाली वाकायचे, तोही थांबायचा, आणि उभ्या उभ्या थाळी तिथल्या तिथे फिरवायचा. "इथे बघूया का?" मी म्हणायचे. "बघू," तो म्हणायचा, आणि खणायचा.

दोन बटणं, एका चमच्याचा दांडा. आणि दुपारी, कुंपणाजवळ — नखाएवढी, कागदासारखी पातळ, हातोड्याने ठोकून पाडलेली चांदीची पेनी. कुठल्या तरी राजाचं तोंड, पोराने काढावं तसं वेडंवाकडं. सातशे वर्षं तरी मातीत पडून होती!

मॉरिसने टोपी काढली. चांदी सापडली की तो नेहमीच काढतो. ट्रेव्हर शेताच्या त्या टोकाकडून धावत आला. "अरे लबाडा! तीस वर्षं मी ह्या कुंपणाजवळून चालतोय!"

"जर्वेज," मॉरिस म्हणाला. "हे यंत्र बोलतं, ट्रेव्हर. तुझी कॉन्सेप्टा नुसती चिवचिवते."

"माझी कोण?"

मॉरिसने थर्मासमधला चहा स्वतः सगळ्यांना ओतून दिला. त्याचा चेहरा मी बघतच राहिले. पियानो लावून झाल्यावर झाकण पुसताना असाच दिसायचा.

गाडीपाशी ट्रेव्हरने मला बाजूला घेतलं. "मेना, आज बूट किती वेळा बांधलेस?"

"सात-आठदा असेल."

"गमबुटाला नाडी कुठे असते गं?"

मी खाली बघितलं. खरंच की!

"त्याला सांगू नकोस, ट्रेव्हर. त्याचे कान गेलेत."

"मी कशाला सांगतोय? पण मॉरिसला दहा पावलांवरून गोगलगाय दिसते. त्याला तुझे गमबूट दिसले नाहीत होय?"

मी म्हटलं, आनंदात होता. लक्ष नसेल.


बुधवार, १७ सप्टेंबर

पाऊस. पेनी काडेपेटीत, कापसावर. त्याने आतापर्यंत पाचदा उघडून बघितली.


शनिवार, २० सप्टेंबर

न्याहारीला अर्धा तास बोललो — जर्वेजच ठेवायचं, कॉन्सेप्टा ट्रेव्हरला परत. ठरलं. अकरा वाजता मॉरिस माहितीपत्रकं घेऊन आला. "मेना, ह्या दोन्हींत फरक काय गं?"

म्हणजे सकाळचं काही ऐकूच आलं नव्हतं त्याला! मान डोलावत होता नुसता. बहिरी माणसं करतात तसं. मी परत सगळं सांगितलं, इतक्या मोठ्याने की शेजारच्या मिसेस पेटिटनी कुंपणावरून डोकं वर काढलं.

"ओरडतेस कशाला?" मॉरिस म्हणाला.


मंगळवार, २३ सप्टेंबर

गॅरड दारात आला. टोपी हातात. तो टोपी काढतो म्हणजे काहीतरी वाईट.

काल मी चर्चमध्ये फुलं लावत होते, तेव्हा मॉरिस एकटाच गेला होता. शेतात नाही — गॅरडच्या घोड्यांच्या कुरणात. तिथे खणायचं नाही हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं. तीन खड्डे उघडे टाकून आला. फाटकही उघडं. गॅरडच्या म्हाताऱ्या घोडीचा पुढचा पाय खड्ड्यात गेला. मोडला नाही, देवाची कृपा. पण सुजलाय, आणि ती पाय टेकत नाही.

खड्डे उघडे! मॉरिसचे! हिरवळ तीन बाजूंनी कापायची, पुस्तकाच्या पानासारखी उलटायची, खाली मातीसाठी फडकं अंथरायचं, आणि काम झालं की पान मिटून वर पाय द्यायचा. त्याने खणलेली जागा परत शोधायला गेलं तर सापडायची नाही. नवख्या लोकांना तो हेच आधी शिकवायचा, नाणी मागाहून.

"तीस वर्षांत मला कधी बोलायची वेळ आली नाही, केरिजबाई," गॅरड म्हणाला. "माझ्या बापाने त्याला परवानगी दिली होती. पण आता नको. निदान सध्या तरी नको."

मी म्हटलं, "त्याला ऐकू येत नाही हो हल्ली. फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला नसेल. तुम्ही कुरणाचं सांगितलंत तेही कधी नीट ऐकलं नसेल—"

"खड्डा बुजवायला कान लागत नाहीत, बाई."

उगाच तोडून बोलला. घोडीमुळे बिथरलाय. घरातले सगळे बिस्किटांचे डबे उघडले तरी काही घेतलं नाही त्याने.

मॉरिस मागच्या अंगणात होता. मी सांगितलं तेव्हा पांढरा पडला. "घोडी? कसली घोडी?" आणि मग, "मी बुजवले असणार, मेना. मी नेहमी बुजवतो."


गुरुवार, २५ सप्टेंबर

सांगून टाकलं.

स्वयंपाकघरात. तो मटार सोलत होता. मी म्हटलं, "मॉरिस, यंत्र बदलून काही होणार नाही. दोष तुझ्या कानांत आहे." मग सगळंच बाहेर पडलं — परीक्षेची पट्टी, हेडफोनची वायर, बुटाच्या नसलेल्या नाड्या, पेनी. पेनीचं सांगताना मला रडू आलं. ती त्याची राहिली नाही ना आता!

तो भडकणार अशी माझी तयारी होती. "माझे कान?" म्हणाला खरा, पण आवाज चढला नाही. एक शेंग तशीच बोटांत धरून बसून राहिला.

"मी चांदी सोडून जात होतो?"

"हो."

"किती दिवस?"

"मला काय माहीत रे! निदान हे यंत्र घेतल्यापासून तरी."

त्याने बोटांतली शेंग उलटीपालटी केली. मग म्हणाला, "कानच असतील ना, मेना? बाबांसारखं?"

"दुसरं काय असणार?"

"मग बरंच," तो म्हणाला, आणि शेंग सोलली. "घे वेळ त्या कान तपासणाऱ्यांची. बघू देत."

चाळीस वर्षांत ह्या माणसाला मी दाताच्या डॉक्टरकडेही सरळपणे नेऊ शकले नाही! आणि आज, 'मग बरंच.' जन्मभर कानावर जगलेला माणूस बहिरेपणाला बरं म्हणतोय. मला कळेना, पण मी फोन केला. मंगळवारची वेळ मिळाली.


शनिवार, २७ सप्टेंबर

सकाळी गॅरडकडे गेले. घोडी पाय टेकते आहे. मी बरोबर गाजरं नेली होती. तिने खाल्ली, गॅरड बघत राहिला. म्हटलं, कानात यंत्र बसलं की ह्यापुढे मॉरिस एकटा येणार नाही. मी बरोबर असेन. प्रत्येक खड्डा मी स्वतः पायाने दाबेन, फाटक मी लावेन.

"आधी कानाचं काय ते होऊ दे," म्हणाला. पण निरोप द्यायला फाटकापर्यंत आला.

ट्रेव्हर त्याची कॉन्सेप्टा घेऊन गेला. जाताना मॉरिसच्या पाठीत एक थाप मारून म्हणाला, "कानात यंत्र, हातात यंत्र. आता तू सगळ्या देशाची चांदी उपसणार, आणि आम्ही काय झाकणं गोळा करायची?" मॉरिस हसला, पण उशिरा.


रविवार, २८ सप्टेंबर

आज बरं वाटतंय. किती दिवस नुसती धास्ती! सांगितलं तर एवढंच निघालं. अर्ध्या गावाच्या कानात यंत्रं आहेत. फादर तर पापं ऐकतानाही आवाज वाढवून घेतात म्हणे.

जर्वेज ठेवायचं हे पक्कं केलं. खालचा आवाज म्हाताऱ्या कानांना बरा. मॉरिसने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." मग माहितीपत्रकं उचलून ड्रॉवरमध्ये टाकली. टेबलावर मीठदाणी परत आली.


मंगळवार, ३० सप्टेंबर

कान ठणठणीत आहेत.

तपासणाऱ्या मुलीने यंत्र बिघडलंय की काय म्हणून सगळं दोनदा केलं. अगदी बारीक, अगदी उंच — प्रत्येक आवाजाला त्याने बटण दाबलं. पन्नाशीच्या माणसालाही इतकं ऐकू येत नाही म्हणाली. तिला वाटलं आम्ही खूश होऊ.

गाडीत तो किल्ली हातात घेऊन बसून राहिला.

"सगळं ऐकू येतं गं," म्हणाला. "पहिल्यापासून येत होतं. पण कुठला आवाज कशाचा, तेच आता राहत नाही डोक्यात. म्हटलं यंत्र असेल. मग म्हटलं कान असतील."

घरी येताना गाडी मी चालवली.